न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी परिसरात चांगली ज्यू डेली कशी शोधावी?

खारवडी (धागाकर्ती) – रविवार, सायंकाळी ६:१५

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या शेजारी एक ज्यू आजोबा एकटेच राहतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या पायाचे हाड मोडले होते, तेव्हा जवळजवळ दीड महिना त्यांनीच आमच्या मुलाला शाळेच्या बसवरून घरी आणले. येत्या मे महिन्यात त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त त्यांना एखाद्या चांगल्या ज्यू डेलीत (म्हणजे खारवलेल्या मांसाची सँडविचे मिळणाऱ्या ज्यू पद्धतीच्या उपाहारगृहात) जेवायला न्यावे, असे आम्ही ठरवले आहे.

अडचण अशी आहे की मी मासे आणि कोंबडी खाते, पण गोमांस खात नाही. नवऱ्याची मजल अंड्यापर्यंत. त्याच सुमारास पुण्याहून सासू-सासरे येणार आहेत आणि त्यांना अंडेही चालत नाही. म्हणजे ज्या पदार्थासाठी जायचे ती गोमांसाची पास्ट्रामी आमच्यापैकी कोणीच खाणार नाही, आणि ती चांगली जमली आहे की नाही हेही कोणाला कळणार नाही. आंतरजालावर पाहावे तर प्रत्येक डेली ‘शहरातली सर्वोत्तम’ आहे.

मागे एकदा त्यांना एका मॉलमधल्या ठिकाणी नेले होते. त्यांनी दोन-चार घास खाल्ले, उरलेले बांधून घेतले आणि ‘छान होते’ असे म्हणाले. माझे सासरे माझ्या पुरणपोळीला ज्या स्वरात ‘छान’ म्हणतात, तोच तो स्वर होता. या वेळी तसे होऊ नये एवढीच इच्छा आहे. गाडीने दीड तासापर्यंतचे अंतर चालेल. स्वतः न खाता चांगली डेली ओळखायची कशी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिरपूड – रविवार, रात्री ९:४०

ठिकाणांची नावे सांगण्याआधी एक प्रश्न विचारतो, कारण त्याच्या उत्तरावर अर्धी यादी गळून पडेल. आजोबा कोशेर (ज्यू धर्माचे आहारनियम) पाळतात का, आणि पाळत असतील तर किती?

आपल्याकडे ‘ज्यू डेली’ हा शब्द सरसकट वापरला जातो, पण त्यात निदान तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला प्रकार कडक कोशेर ठिकाणांचा. तिथे धर्मशास्त्रानुसार कापलेले मांस असते, मांस आणि दूध एकत्र येत नाही, स्वयंपाकघरावर धार्मिक देखरेख असते आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापूर्वीपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत दुकान बंद असते. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातले, १९६२ पासून चालणारे गॉटलिब्स हे त्याचे उदाहरण. दुसऱ्या प्रकारात प्रमाणपत्र असते, मांस कोशेर असते, दुधाचा थेंबही नसतो, पण दुकान शनिवारी उघडे असते. सनातनी मंडळी तिथे जेवत नाहीत. बाकीच्या बऱ्याच जणांना ते चालते. तिसऱ्या प्रकाराला ‘कोशेर स्टाइल’ म्हणतात. चव आणि परंपरा तीच, पण नियमांचे बंधन नाही. हाउस्टन स्ट्रीटवरची जगप्रसिद्ध कॅट्झेस याच प्रकारात मोडते. (रस्त्याच्या नावाचा स्थानिक उच्चार ‘हाउस्टन’ असाच आहे, टेक्सासमधल्या शहरासारखा नाही, टॅक्सीवाल्यासमोर उपयोगी पडेल.) ती १८८८ पासून चालू आहे, पण कोशेर नाही.

पदार्थांच्या यादीत ‘रूबेन’ नावाचे सँडविच दिसले तर ओळखावे की ही जागा बहुधा तिसऱ्या प्रकारातली आहे, कारण त्यात खारवलेल्या गोमांसावर चीज वितळवलेले असते. प्रमाणपत्र असलेल्या डेलीत ते मिळाले तरी चीज दुधाचे नसते.

तेव्हा आजोबांना थेट विचारावे. ‘तुम्ही कोशेर पाळता का?’ हा प्रश्न फार ढोबळ होतो. घरी मांसाची आणि दुधाची वेगळी भांडी ठेवणारा माणूस बाहेर सैल असू शकतो. त्याऐवजी ‘शनिवारी उघड्या असणाऱ्या डेलीत तुम्ही जेवता का?’ असे विचारल्यास उत्तर नेमके मिळेल.

उत्तररात्र – सोमवार, रात्री १२:२०

मिरपूड यांच्याशी सहमत आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो. न खाता ओळखायचे तर डोळे आणि नाक वापरावे लागतील, आणि त्यासाठी पास्ट्रामी कशी होते हे थोडे माहीत असावे लागेल.

हा पदार्थ रोमानियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कला आणला. तिकडे तो हंसाच्या मांसाचाही करत असत. इथे गोमांस स्वस्त होते, म्हणून पोटाखालचा चरबीदार आणि त्या काळी कोणी फारसे न विचारणारा भाग वापरात आला. मांस आधी मिठाच्या पाण्यात मुरते. त्या मिठात नायट्राइट असते, म्हणून शिजल्यावरही रंग गुलाबी राहतो. त्यानंतर बाहेरून भरडलेली मिरी, धने, लसूण यांचा जाड थर लावून ते धुरावर ठेवतात आणि शेवटी वाफवतात. धने-मिरीचा तो वास आल्यावर मला दर वेळी घरी गोडा मसाला भाजत असल्याचा भास होतो, हे जाता जाता. कॉर्न्ड बीफ हा त्याचा भाऊ. तेही मिठाच्या पाण्यातच मुरते, पण धूर आणि मिरीचा थर दोन्ही टळतात. ते नुसते उकडतात, आणि मांस बहुधा छातीच्या भागाचे असते.

या सगळ्यात बहुतेक ठिकाणे शेवटच्या टप्प्यावर घसरतात. पुरेसा वेळ वाफवलेले मांस इतके मऊ होते की यंत्राच्या पात्यावर त्याचा भुगा होतो. म्हणून ते हातातल्या लांब सुरीनेच, मांसाच्या धाग्यांना आडवे कापावे लागते. याउलट कमी वाफवलेले मांस यंत्रातून कागदासारखे पातळ निघते आणि वजनही कमी घटते, त्यामुळे दुकानदाराचा त्यात फायदा असतो. तेव्हा आत शिरल्यावर प्रथम काउंटरकडे पाहावे. मागे वाफेचे पात्र आहे आणि मागणी आल्यावर त्यातून अख्खा तुकडा बाहेर काढून माणूस सुरी चालवतो आहे, तर निम्मे काम झाले. आधीच कापून ठेवलेले मांस ट्रेमध्ये पसरलेले दिसले, तर आजोबा पुन्हा ‘छान’ म्हणतील.

दुसरी खूण कडेची. प्रत्येक कापाला काळसर मसालेदार कड आणि थोडी चरबी दिसायला हवी. सगळे काप एकसारखे गुलाबी आणि कोरडे दिसत असतील, तर ते कारखान्यातून पिशवीत बंद होऊन आलेले असण्याचा संभव मोठा.

माझ्यापुरते सांगायचे तर सँडविचच्या उंचीवरून डेली जोखू नये. सात इंचांचा डोंगर छायाचित्रासाठी असतो. तो तोंडात मावत नाही आणि खाणारा शेवटी काटा-चमचा मागतो.

पाववाला – सोमवार, सकाळी ७:०५

मांसाबद्दल उत्तररात्र यांनी सांगितलेच आहे. मी पाव आणि लोणच्याबद्दल लिहितो, कारण ते तुम्हाला स्वतः चाखून पाहता येईल आणि ज्या डेलीचा पाव चांगला असतो तिथे बाकीही सहसा बरे असते.

राय ब्रेड नावाप्रमाणे पूर्ण राईचा नसतो. गव्हाच्या मैद्यात राईचे पीठ आणि आंबवलेले विरजण घालून तो करतात. त्यात शहाजिऱ्याची आठवण करून देणारे कॅरवे नावाचे दाणे असतात. कवच कडक असावे आणि आतला भाग ओलसर, चिवट असावा, म्हणजे गरम मांसाच्या रसाने तो विरघळत नाही. मऊ, पिशवीतला, चौकोनी पाव दिसला तर पुढची चौकशी करू नये.

लोणचे म्हणजे आपले मोहरी-तेलाचे लोणचे नव्हे. अख्ख्या काकड्या नुसत्या मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपू घालून आंबवतात. अस्सल प्रकारात व्हिनेगर नसते. आंबटपणा आंबण्यातूनच येतो. थोडे दिवस मुरलेली काकडी हिरवीगार आणि कुरकुरीत असते, तिला ‘हाफ सावर’ म्हणतात; पुष्कळ मुरलेली ती ‘फुल सावर’, शेवाळी रंगाची आणि चांगलीच आंबट. जुन्या पद्धतीच्या डेलीत बसल्याबरोबर दोन्ही प्रकारांचे भांडे न मागता टेबलावर येते.

आणि एक विनंती. आजोबांच्या सँडविचसाठी कोणीही मेयॉनीज मागू नये. पास्ट्रामीवर तिखट, तपकिरी मोहरीची चटणीच लावायची असते. वेटर काही बोलणार नाही, पण पाहील.

हडसनकाठ – सोमवार, दुपारी १:३०

एडिसनमध्येच हॅरल्ड्स न्यूयॉर्क डेली आहे, तिचे नाव कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. तिथली सँडविचे चार माणसांना पुरतात, जादा पाव मिळतो आणि लोणच्यांसाठी वेगळा काउंटरच आहे, ज्याची ते स्वतः जगातला सर्वांत मोठा म्हणून जाहिरात करतात. कोशेर मात्र नाही. मुलांना घेऊन मजा करायला आम्ही जातो.

न्यू जर्सीतली आणखी एक गंमत म्हणजे इथले ‘स्लॉपी जो’. उरलेल्या अमेरिकेत या नावाने खिम्याचा बन मिळतो. इथे मात्र साउथ ऑरेंज परिसरात तीन थरांचे थंड सँडविच मिळते, ज्यात दोन प्रकारचे मांस, चीज, कोबीचे सलाड आणि रशियन ड्रेसिंग असते. चीज आल्यामुळे कोशेरचा प्रश्न तिथेच संपतो.

कडक कोशेर हवे असेल तर तुमच्याजवळ हायलंड पार्क आणि उत्तरेला टीनेक. टीनेकच्या सीडर लेनवर कोशेर उपाहारगृहांची रांगच आहे. फक्त शुक्रवारी दुपारनंतर जाऊ नये.

मिरपूड – सोमवार, दुपारी ३:१०

हडसनकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला एक जोड देतो. वल्हांडणाच्या (पासओव्हरच्या) आठ दिवसांतही कोशेर डेलीकडे फिरकू नये. त्या काळात आंबवलेला पाव वर्ज्य असतो, त्यामुळे राय ब्रेडच नसतो आणि कित्येक दुकाने बंदच राहतात. हा सण मार्च-एप्रिलमध्ये येतो, म्हणजे मे महिन्याचा वाढदिवस त्यातून सुटला. पण हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून लिहून ठेवले.

अष्टागर – सोमवार, रात्री ८:५५

आधीच्या प्रतिसादांत ‘ज्यू जेवण’ आणि ‘डेलीतले जेवण’ हे शब्द एकाच अर्थाने आले आहेत, म्हणून थोडे लिहितो. डेली ही पूर्व आणि मध्य युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंची परंपरा आहे. माझे बालपण अलिबागजवळ गेले. आमच्या शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत कोशेरचे नियम कटाक्षाने पाळले जात. मांसाच्या रश्शात दही-दूध चालत नसे, नारळाचे दूध चाले. खवले आणि पर असलेला मासा चाले, कोळंबी मात्र नाही. पण त्या घरांत पास्ट्रामी हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. तिथे पोहे, ओले खोबरे आणि साखर घालून केलेला मलिदा असे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

हे सांगायचे कारण एवढेच की सासू-सासऱ्यांना कोशेर म्हणजे काय हे समजवायचे असेल तर न्यूयॉर्कपासून सुरुवात करण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्यापासून केली तरी चालेल.

खारवडी – मंगळवार, सायंकाळी ७:३०

सर्वांचे मनापासून आभार. अष्टागर, सासरे मूळचे रोह्याचे आहेत, त्यामुळे ‘शनवार तेली’ म्हटल्यावर फोनवर पुढचे सगळे तेच सांगू लागले.

मिरपूड यांनी सुचवलेला प्रश्न आज आजोबांना जसाच्या तसा विचारला. ते हसले आणि म्हणाले की शनिवारी उघडी असली तरी चालेल, पण दारावर प्रमाणपत्र हवे आणि टेबलावर लोणी नको. त्यांच्या आईला ते आवडले नसते. त्यांचे बालपण ब्रॉन्क्समध्ये गेले आहे.

खरा धक्का पुढेच आहे. मी पास्ट्रामीचा विषय काढल्यावर ते म्हणाले की पास्ट्रामी त्यांना कधीच फारशी आवडली नाही. मिरी फार लागते. त्यांना हवी आहे ती टंग, म्हणजे जिभेचे सँडविच. त्यांच्या पत्नीला नुसते ते पाहणेही नको वाटे, त्यामुळे संसार होता तोवर घरात आले नाही, आणि आता बहुतेक ठिकाणी मिळत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे तेही त्यांनी सांगितले, पण ‘त्या दिवशी नाही’ असे लगेच जोडले.

तर आता प्रमाणपत्र असलेली, दीड तासात पोहोचता येईल अशी आणि टंग मिळणारी डेली हवी आहे.

उत्तररात्र – मंगळवार, रात्री ११:४५

आजोबांची आवड जुन्या वळणाची आहे आणि त्यांचे म्हणणेही खरे आहे. टंग आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे, कारण तरुण गिऱ्हाइकाला ती नुसती पाहूनही धास्ती वाटते. खरे तर करायला ती पास्ट्रामीहून सोपी. मिठाच्या पाण्यात मुरवायची, सावकाश उकडायची, वरचे जाड कातडे सोलायचे आणि काप काढायचे. टोकाकडचा भाग घट्ट आणि बिनचरबीचा, मुळाकडचा मऊ आणि चरबीचा. आजोबांना कोणता हवा हे वेटर विचारेल. त्यांच्याकडे उत्तर तयार असेलच.

तुमच्या अटींत माझ्या माहितीप्रमाणे दोन नावे ठळकपणे बसतात.

पहिले लीबमन्स, ब्रॉन्क्सच्या रिव्हरडेल भागात, पश्चिम २३५व्या रस्त्यावर. १९५३ मध्ये सुरू झालेली ही डेली कोशेर आहे आणि शनिवारीही उघडी असते. एके काळी ब्रॉन्क्समध्ये चौकाचौकांत अशी दुकाने होती. आता ही जवळजवळ एकटीच उरली आहे. आजोबांचे बालपण तिकडचे असल्याने त्यांना तिथे नेण्यात वेगळी गोडी आहे. मात्र तुमच्या गावाहून जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून जावे लागेल. वाहतूक नसेल तर सव्वा तास. रविवारी संध्याकाळी परतताना काय होईल ते मी लिहीत नाही.

दुसरे मॅनहॅटनमधली सेकंड अव्हेन्यू डेली. एब लेबेवोल यांनी ती १९५४ मध्ये सेकंड अव्हेन्यू आणि दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सुरू केली. तो भाग तेव्हा यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीसाठी ओळखला जाई, आणि तिथल्या नटांची नावे कोरलेल्या फरशा त्यांनी दुकानासमोरच्या पदपथावर बसवल्या होत्या. मार्च १९९६ मध्ये बँकेत पैसे भरायला जाताना लेबेवोल यांचा खून झाला. त्यांच्या भावाने दुकान पुढे चालवले, पण जागेच्या भाड्यावरून वाद होऊन जानेवारी २००६ मध्ये ते बंद पडले आणि त्या जागी बँक आली. पुतण्याने २००७ च्या डिसेंबरात ते नव्या जागी उघडले. नवी जागा तेहतिसाव्या रस्त्यावर, लेक्सिंग्टन आणि थर्ड अव्हेन्यूच्या मध्ये आहे, म्हणजे नावात सेकंड अव्हेन्यू असले तरी तिचा त्या रस्त्याशी आता संबंध राहिलेला नाही. अप्पर ईस्ट साइडला दुसरी शाखा आहे. प्रमाणपत्र आहे, शनिवारी चालू असते, आणि टंग मिळते.

कॅट्झेसमध्येही टंग मिळते, पण प्रमाणपत्राच्या अटीमुळे ती बाद झाली. शिवाय तिथे दारात प्रत्येकाला एक तिकीट देतात, त्यावर तुमचे खाणे लिहिले जाते आणि बाहेर पडताना ते परत द्यावे लागते; हरवल्यास पन्नास डॉलर दंड आकारतात. सासू-सासरे, मूल आणि आजोबा अशी सहा तिकिटे सांभाळत रांगेत उभे राहण्यापेक्षा नियमांनीच तुम्हाला सोडवले, असे समजावे.

पाववाला – बुधवार, सकाळी ६:५०

लीबमन्स एकटीच उरली हे वाचून लिहावेसे वाटले. १९३०च्या दशकात न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंमध्ये (विभागांमध्ये) मिळून दीड हजारांच्या वर कोशेर डेली होत्या, आणि आज त्या शोधाव्या लागतात. लोक म्हणतात की तरुणांची चव बदलली. मला ते अपुरे वाटते. गिऱ्हाईक उपनगरांत गेले, मालकांची मुले डॉक्टर-वकील झाली, आणि मांसाचा हिशेब कधीच दुकानदाराच्या बाजूचा नव्हता. मुरवून, धुरावर धरून, वाफवून कच्च्या मांसाचे वजन फार मोठ्या प्रमाणात घटते. त्या घटीचे पैसे सँडविचच्या किमतीत धरले तर गिऱ्हाईक ओरडते आणि न धरले तर मालक बुडतो. आज एका सँडविचला पंचवीस-तीस डॉलर पडतात याचे नवल वाटते, पण पूर्वी ते इतके स्वस्त कसे मिळत होते याचे मला अधिक नवल वाटते. मॅनहॅटनमधल्या प्रसिद्ध डेलींपैकी स्टेज डेली २०१२ मध्ये बंद झाली, कार्नेगी डेली २०१६ च्या शेवटच्या दिवशी. दोन्ही १९३७ पासूनच्या होत्या.

बिनकांद्याची – बुधवार, सकाळी १०:२५

मी अंडेही न खाणाऱ्या घरातली आहे आणि न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षे काढली आहेत, म्हणून सासू-सासऱ्यांच्या बाजूने लिहिते.

कोशेर पदार्थांवर ‘पारेव्ह’ असा शब्द दिसतो. त्याचा अर्थ मांसही नाही आणि दूधही नाही. आपले लोक तो वाचून निर्धास्त होतात, पण अंडे आणि मासा हे दोन्ही पारेव्ह धरले जातात. कोशेरच्या शिक्क्याला शाकाहाराचा शिक्का समजू नये. नवख्या नातेवाइकांच्या बाबतीत ही चूक मी दोनदा होताना पाहिली आहे.

मांसाच्या डेलीत बटाट्याचे क्निश मिळते. दिसायला ते आपल्या बटाट्याच्या कचोरीच्या चुलतभावासारखे, पण आवरणात अंडे असू शकते. लाटके म्हणजे किसलेल्या बटाट्याची थालीपिठे, त्यातही अंडे. हल्ला पावात अंडे, कुगेलमध्ये (नूडल्सच्या किंवा बटाट्याच्या भाजलेल्या वड्यांत) अंडे, कोबीच्या सलाडवर मेयॉनीज म्हणजे पुन्हा अंडे. भाज्यांच्या सुपालाही खालून मांसाचा रस्सा असू शकतो. उरले काय? राय ब्रेड, लोणची, आंबवलेला कोबी, तळलेला बटाटा. प्रत्येक गोष्ट विचारूनच घ्यावी.

आणि चहा. मांसाच्या कोशेर डेलीत दुधाचा चहा मिळत नाही, कधीच, कितीही विनंती केली तरी. दुधाऐवजी देतात ती पांढरी भुकटी किंवा द्रव सासूबाईंसमोर ठेवू नये, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

दुधाच्या बाजूची कोशेर परंपरा वेगळी आहे. ईस्ट व्हिलेजमध्ये सेकंड अव्हेन्यूवर बी अँड एच डेअरी ही चिंचोळी जागा १९३८ पासून आहे. तिथे मांस नाही, सुपे आणि पिरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्या) उत्तम असतात. पण तिथे आजोबांना टंग मिळणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. तेहतिसाव्या रस्त्यावरची सेकंड अव्हेन्यू डेली निवडल्यास, लेक्सिंग्टनवरून थोडे दक्षिणेला चालले की सव्वीस ते एकोणतीस क्रमांकांच्या रस्त्यांदरम्यान भारतीय वस्तीचा भाग लागतो, ज्याला इथले लोक ‘करी हिल’ म्हणतात. तिथल्या काही दाक्षिणात्य शाकाहारी उपाहारगृहांकडे चक्क कोशेर प्रमाणपत्र असते, कारण मांसाचा प्रश्नच नसलेले स्वयंपाकघर कोशेर ज्यूंना सोयीचे पडते. सासू-सासऱ्यांनी डेलीत लोणचे-पाव खाऊन सोबत करावी आणि पोट तिकडे भरावे.

मिरपूड – बुधवार, सकाळी ११:००

बिनकांद्याची यांची योजना पक्की करावी. एडिसनहून रेल्वेने पेन स्टेशनला उतरल्यास डेली पूर्वेकडे साधारण मैलभर आहे. आजोबांना चालवू नये, टॅक्सी करावी.

खारवडी – मे महिन्यातला सोमवार, रात्री १०:१०

काल जाऊन आलो. सविस्तर लिहिण्याचे कबूल केले होते, म्हणून लिहिते.

सेकंड अव्हेन्यू डेलीत गेलो. दुपारी साडेतीनला पोहोचलो, त्यामुळे गर्दी कमी होती. बसताच लोणच्यांचे भांडे आले. सासऱ्यांनी हाफ सावर उचलली, वास घेतला आणि ‘यात शेपू आहे’ असे जाहीर केले. त्यांना शेपूची भाजी आवडत नाही, पण काकड्या एकामागून एक त्यांनीच संपवल्या आणि दुसरे भांडे मागवावे लागले. सासूबाईंना राय ब्रेडमधले दाणे ओवा वाटले, मग शहाजिरे, मग त्यांनी दोन दाणे कागदी रुमालात बांधून घेतले, पुण्याला नेऊन मैत्रिणीला दाखवण्यासाठी.

आजोबांनी यादी उघडलीच नाही. अर्धे सँडविच आणि सूप अशी जोडी त्यांनी मागवली. टंग मुळाकडची मागितली, मोहरी वेगळी. वेटरने ‘मुळाकडची?’ असे परत विचारले आणि मान डोलावली. त्या दोघांत काहीतरी ठरले, जे आम्हाला कळले नाही. सुपात माझ्या मुठीएवढा मात्झाचा, म्हणजे न आंबवलेल्या पावाच्या पिठाचा, गोळा होता. तेच सूप मीही घेतले. कोंबडीचा पातळ, स्वच्छ रस्सा आणि त्यात इतका हलका गोळा की चमच्याने तुटावा. पाववाला यांनी पावाबद्दल सांगितलेली प्रत्येक खूण मी तपासली. कवच खरेच कडक होते.

अर्धे सँडविच संपल्यावर आजोबांनी उरलेले अर्धे मागवले. बांधून काहीही घेतले नाही. ‘छान’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही, आणि वीस मिनिटे ते काही बोललेही नाहीत. बिलासोबत छोट्या पेल्यांतून चॉकलेटचा सोडा आला, त्यात दूध नसल्याची खात्री करून घेतल्यावर तो आमच्या मुलाने तिघांच्या वाटणीचा प्यायला.

नंतर लेक्सिंग्टनवर डोसे झाले. दारावरचे कोशेर प्रमाणपत्र आजोबांनी चष्मा लावून वाचले आणि मग स्वतःही एक मेदुवडा खाल्ला. सासूबाईंना दुधाचा चहा मिळाला.

परतताना गाडीत त्यांनी लीबमन्सचा विषय काढला. मी उल्लेख केला नव्हता, त्यांना ती आधीपासूनच माहीत होती. पुढच्या वेळी ब्रॉन्क्स, म्हणाले, पैसे ते देणार आणि गाडीही तेच चालवणार. पैशांचे मान्य केले आहे. गाडीबद्दल नवरा अजून विचार करतो आहे.